अंतर्जात म्हणजे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीतल्या ‘एंडोजेनस’ला मराठीत ‘अंतर्जात’ म्हणतात. वैद्यकीय अहवालात, भूगोलाच्या धड्यात, मानसोपचाराच्या जुन्या पुस्तकात आणि अर्थशास्त्राच्या शोधनिबंधात हा शब्द भेटतो, आणि प्रत्येक ठिकाणी तो थोडा वेगळा वागतो. त्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरे. काही प्रश्न दोन ओळींत संपतात, काहींना वेळ द्यावाच लागतो.

अंतर्जात म्हणजे नेमके काय?

ज्याचा उगम आतून आहे ते अंतर्जात; ज्याचा उगम बाहेरून आहे ते बहिर्जात. पेशीने स्वतः तयार केलेले प्रथिन, पृथ्वीच्या पोटातून येणारी उष्णता, एखाद्या आर्थिक प्रतिमानाच्या (मॉडेलच्या) आतच ठरणारी किंमत, ही सगळी अंतर्जात. मात्र ‘अंतर्जात’ हा पदार्थाचा गुणधर्म नाही. पाणी रंगहीन असते तसे एखादे रसायन अंतर्जात नसते. ते कुठून आले, एवढेच हा शब्द सांगतो. तेच रसायन शरीरात तयार झाले तर अंतर्जात आणि सुईने टोचले तर बहिर्जात.

‘आत’ म्हणजे कशाच्या आत?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि गंमत अशी की तो फारसा कुणी विचारत नाही. सीमा कुठे आखली हे कळल्याशिवाय या शब्दाला अर्थच येत नाही.

डोळ्याच्या आतल्या एका गंभीर जंतुसंसर्गाचे उदाहरण घ्या. एंडोफ्थाल्मायटिस हे त्याचे नाव. शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा जखमेतून जंतू थेट डोळ्यात शिरले तर त्याला बहिर्जात म्हणतात. शरीरात दुसरीकडे असलेला संसर्ग रक्तावाटे डोळ्यात पोहोचला तर अंतर्जात. त्या जंतूंनी मुळात शरीरात प्रवेश केला तो बाहेरूनच, पण नेत्रतज्ज्ञाने सीमा रुग्णाच्या त्वचेवर आखलेली नाही. जंतू डोळ्यापर्यंत कोणत्या वाटेने आले हे त्याला सांगायचे आहे, कारण त्यावर पुढचा तपास ठरतो. संसर्ग अंतर्जात असेल तर रक्त, हृदयाच्या झडपा, यकृत अशा ठिकाणी मूळ शोधावे लागते.

मूत्रमार्गाच्या संसर्गातही असेच होते. तो बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्याच आतड्यातल्या ई. कोलाय जीवाणूंमुळे होतो, म्हणून तो अंतर्जात संसर्ग. क्षयरोगात शरीरात अनेक वर्षे सुप्त राहिलेले जीवाणू प्रतिकारशक्ती खालावल्यावर पुन्हा सक्रिय होतात, तेही अंतर्जात. बाहेरच्या रुग्णाकडून नव्याने लागण झाली तर ती बहिर्जात. दोन्हीत जीवाणू एकाच जातीचा असतो, पण साथ कशी पसरते आहे हे समजायचे तर हा फरक कळीचा ठरतो.

प्रतिकारशास्त्रात सीमा आणखी आत सरकते, थेट एका पेशीच्या आवरणापर्यंत. विषाणू बाहेरून येतो, पण त्याची प्रथिने आपल्या पेशीच्या यंत्रणेवर, पेशीच्या आत तयार होतात. म्हणून त्यांना अंतर्जात प्रतिजन (प्रतिकारशक्तीला जागे करणारा पदार्थ) म्हणतात, आणि त्यांचे तुकडे एमएचसी वर्ग १ च्या, म्हणजे प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर दाखवणाऱ्या, रेणूंवर पेशीबाहेर मांडले जातात. पेशीने बाहेरून गिळलेल्या जीवाणूची प्रथिने बहिर्जात. ती प्रामुख्याने वर्ग २ वर जातात. पहिल्या वाटेने मारक टी-पेशी जाग्या होतात, दुसऱ्या वाटेने साहाय्यक टी-पेशी. ‘विषाणूचे प्रथिन अंतर्जात कसे?’ या प्रश्नावर अनेक विद्यार्थी अडतात. सीमा पेशीची आहे हे एकदा सांगितले की गाठ सुटते.

हा शब्द विज्ञानात आला कसा?

मूळ ग्रीक. ‘एंडोन’ म्हणजे आत, आणि ‘जेनेस’ म्हणजे जन्मलेला. विज्ञानात तो रूढ झाला वनस्पतिशास्त्रातून. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ ऑग्युस्तँ पिराम द कँदोल यांनी १८१३ मध्ये झाडांचे दोन गट सांगितले. खोडाला बाहेरच्या बाजूने नवे थर चढत जाणाऱ्या वनस्पती बहिर्जात, आणि ताड, गवत यांसारख्या, खोडाच्या मध्यातून नवी वाढ होते असे त्यांना वाटले त्या अंतर्जात. हे वर्गीकरण टिकले नाही. ताड, गवत अशा एकदलिकित (बीजात एकच दल असलेल्या) वनस्पतींची वाढ तशी होतच नाही, हे पुढच्या काही दशकांत ताडाच्या खोडांचा बारकाईने अभ्यास झाल्यावर कळले. शब्द मात्र राहिला आणि इतर शास्त्रांत पसरला.

वनस्पतिशास्त्रात तो आज वापरतात का?

हो, अगदी नेमक्या अर्थाने. बाजूची मुळे अंतर्जात असतात: ती मुख्य मुळाच्या आतल्या थरातून, परिरंभातून, उगवतात आणि बाहेरचे थर फोडून निघतात. पाने आणि फांद्या खोडाच्या टोकाजवळच्या वरच्या थरांतून येतात, म्हणून त्या बहिर्जात. सूक्ष्मजीवशास्त्रातले एंडोस्पोर, म्हणजे बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम या जीवाणूंच्या पेशीच्या आतच तयार होणारे चिवट बीजाणू, त्याच धाटणीचे.

शरीरातल्या कोणत्या पदार्थांना अंतर्जात म्हणतात?

यादी फार मोठी आहे. संप्रेरके, रक्तातले बहुतांश कोलेस्टेरॉल, स्नायूंमधून येणारे क्रिएटिनिन, सगळे त्यात येतात. पण या शब्दाचे खरे सामर्थ्य दिसले ते मेंदूच्या अभ्यासात, म्हणून ती हकीकत थोडी सविस्तर सांगते.

अफूतले मॉर्फिन वेदना शमवते हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. १९७३ मध्ये मेंदूत मॉर्फिन नेमके जाऊन बसेल अशा ग्राही जागा असल्याचे दाखवले गेले. मग प्रश्न उभा राहिला: खसखशीच्या बोंडातल्या रसायनासाठी प्राण्यांच्या मेंदूत जागा का असावी? शरीर स्वतःच तसे काही बनवत असणार. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन इथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी १९७५ मध्ये डुकरांच्या मेंदूतून असे दोन छोटे पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या) वेगळे केले, त्यांना नाव मिळाले एनकेफॅलिन. पाठोपाठ आलेला ‘एंडॉर्फिन’ हा शब्द तर ‘एंडोजेनस’ आणि ‘मॉर्फिन’ यांचा सरळ जोड आहे. आज तो सर्रास आनंदाचे रसायन म्हणून फेकला जातो, पण त्याचा मूळ अर्थ एवढाच: शरीराचे स्वतःचे मॉर्फिन.

गांजाच्या बाबतीत हाच क्रम पुन्हा घडला. वनस्पतीतले टीएचसी हे नशा आणणारे रसायन आधी सापडले, मग मेंदूतली त्याची ग्राही जागा, आणि शेवटी १९९२ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत शरीरातला त्याचा जोडीदार. संशोधकांनी त्याला नाव दिले ‘आनंदमाइड’. हो, संस्कृतातल्या ‘आनंद’ वरूनच. बाहेरचे द्रव्य आधी कळले आणि त्याचा माग काढत आतले सापडले. औषधशास्त्राच्या इतिहासात हे इतक्यांदा घडले आहे की एखादे वनस्पतिजन्य रसायन मेंदूवर नेमका परिणाम करताना दिसले, की संशोधक लगेच त्याचा अंतर्जात भाऊबंद शोधू लागतात.

रेणू एकच असेल तर तो शरीराने बनवला की बाहेरून आला हे कळणार कसे?

नुसत्या रेणूकडे पाहून बहुधा कळत नाही. त्याच्या जन्माच्या खुणा शोधाव्या लागतात.

इन्सुलिन घ्या. स्वादुपिंडात आधी प्रोइन्सुलिन नावाची लांब साखळी तयार होते. तिच्यातून मधला तुकडा कापला जातो आणि उरलेल्या दोन साखळ्या मिळून इन्सुलिन बनते. तो मधला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. जितके इन्सुलिनचे रेणू, तितकेच सी-पेप्टाइडचे, आणि दोन्ही एकत्रच रक्तात सोडले जातात. टोचण्याच्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसते. त्यामुळे रक्तातली साखर धोकादायक खाली गेलेल्या रुग्णात इन्सुलिन जास्त आणि सी-पेप्टाइड अगदी कमी आढळले, तर इन्सुलिन बाहेरून आले आहे असा अर्थ होतो. दोन्ही जास्त असतील तर ते स्वादुपिंडाने सोडलेले आहे. मग तिथे गाठ आहे का, की स्वादुपिंडाला डिवचणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या पोटात गेल्या आहेत, हे पाहतात. मधुमेही रुग्ण इन्सुलिन घेत असतानाही त्याचे स्वादुपिंड अजून किती काम करते, हे याच चाचणीतून समजते.

खेळाडूंच्या उत्तेजक चाचणीत प्रश्न अधिक अवघड असतो, कारण टेस्टोस्टेरॉन प्रत्येकाच्या शरीरात असतेच. पहिली पायरी म्हणजे लघवीतले टेस्टोस्टेरॉन आणि त्याचा जवळचा नातलग रेणू एपिटेस्टोस्टेरॉन यांचे गुणोत्तर पाहणे; ते ४:१ च्या वर गेले की संशय घेतला जातो. पण काहींचे गुणोत्तर निसर्गतःच जास्त असते. म्हणून पुढे कार्बनचे समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनांचे अणू, मोजतात. कारखान्यातले टेस्टोस्टेरॉन सोयाबीनसारख्या वनस्पतींच्या स्टेरॉलपासून बनते आणि त्यात कार्बन-१३ चे प्रमाण शरीराने बनवलेल्या संप्रेरकापेक्षा किंचित कमी असते. रेणूची रचना तीच, मूलद्रव्येही तीच, तरी त्या किंचित फरकातून उगम उघडा पडतो. मला स्वतःला अंतर्जात-बहिर्जात या भेदाचा याहून देखणा वापर माहीत नाही.

शरीर स्वतः बनवते म्हणजे ते निर्धोक असणार, बरोबर ना?

नाही. हिमोग्लोबिनमधला हीम मोडताना शरीरात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. फॉर्माल्डिहाइड हे चयापचयातले नेहमीचे उपउत्पादन आहे. दोन्ही अंतर्जात, दोन्ही जास्त प्रमाणात घातक. अधिवृक्क ग्रंथींनी अति कॉर्टिसॉल सोडल्याने होणारा कुशिंग सिंड्रोम आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याने होणारा तोच सिंड्रोम यांत लक्षणे जवळजवळ सारखीच दिसतात. बहिर्जात प्रकार अधिक आढळतो, पण अंतर्जात प्रकार त्याहून सौम्य असतो असे मुळीच नाही. जाहिरातीत ‘शरीरात नैसर्गिकरीत्या असलेला घटक’ असे वाचले तर त्यातून मात्रा किती आणि परिणाम काय, यांपैकी काहीही सिद्ध होत नाही.

अंतर्जात म्हणजे आनुवंशिक किंवा जन्मजात का?

दोन्ही नाही. आनुवंशिक गोष्ट जनुकांतून वारसाने येते. जन्मजात म्हणजे जन्माच्या वेळी असलेली, मग कारण काहीही असो. गर्भावस्थेत आईला झालेल्या रुबेलाने बाळात येणारा दोष जन्मजात आहे, पण त्याचे कारण बाहेरचे आहे. अंतर्जात गोष्ट साठाव्या वर्षी पहिल्यांदा उद्भवू शकते.

ड जीवनसत्त्व अंतर्जात की बहिर्जात?

त्वचेत तयार होते ते अंतर्जात, आहारातून किंवा गोळीतून येते ते बहिर्जात. सूर्याचे अतिनील किरण लागतात हे खरे, पण किरण म्हणजे ऊर्जा. रेणू त्वचेतल्या कोलेस्टेरॉलच्या एका नातलगापासून इथेच घडतो. आपण पदार्थाच्या उगमाबद्दल बोलतो आहोत की त्याला चालना देणाऱ्या कारणाबद्दल, हे वाक्यात स्पष्ट केले तर असले वाद उरत नाहीत.

शरीराचे घड्याळ अंतर्जात आहे हे कसे सिद्ध झाले?

१७२९ मध्ये झाँ-जाक द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे झाड अंधारात ठेवले, तरी त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. सूर्य दिसत नसताना झाडाला वेळ कळत होती. पण हा पुरावा अपुरा होता: उजेड नसला तरी तापमान किंवा आणखी काही बाहेरचा इशारा पोहोचत असेल. निर्णायक पाऊल टाकले ते वर उल्लेख केलेल्या द कँदोल यांनीच. १८३२ मध्ये त्यांनी नोंदवले की सतत सारख्या उजेडात लाजाळूचे चक्र २४ तासांचे राहत नाही, ते २२ ते २३ तासांचे होते. हे फार महत्त्वाचे आहे. बाहेरचा कुठलाही इशारा पृथ्वीच्या फिरण्याशी बांधलेला असता, तर चक्र २४ तासांचेच राहिले असते. रोज थोडे सरकणारे चक्र झाडाचे स्वतःचेच असू शकते.

तरीही वाद विसाव्या शतकात चालू राहिला. अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ फ्रँक ब्राउन यांचे म्हणणे होते की जीवांना पृथ्वीच्या सूक्ष्म भूभौतिक बदलांतून वेळ कळते. त्याची कसोटी घ्यायला १९८३ मध्ये न्यूरोस्पोरा ही बुरशी अवकाशयानातून पृथ्वीभोवती फिरवली गेली. तिथेही तिची लय चालू राहिली. तोवर फळमाशीत ‘पिरियड’ हे घड्याळाचे जनुक सापडलेले होते, आणि त्या यंत्रणेच्या उलगड्याबद्दल २०१७ चे वैद्यकाचे नोबेल जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना मिळाले.

माणसाचे अंतर्जात चक्र सरासरी २४ तास आणि १० मिनिटांच्या आसपास आहे. म्हणजे ते दररोज बाहेरच्या उजेडाने जुळवून घ्यावे लागते. लय आतली, तिची वेळ लावणारा बाहेरचा. ‘घड्याळ अंतर्जात आहे, मग उजेडाचा काय संबंध?’ असे विचारणाऱ्यांनी ही दोन कामे वेगळी धरावीत.

भूगोलात अंतर्जात प्रक्रिया कोणत्या?

ज्वालामुखी, भूकंप, वलीकरण, भ्रंश. शालेय पुस्तकांत यांना अंतर्गत हालचाली म्हणतात. त्यांची ऊर्जा पृथ्वीच्या आतल्या उष्णतेतून येते. त्या उष्णतेचा साधारण निम्मा भाग युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून, उरलेला पृथ्वी घडताना साठलेला. विदारण, झीज, वाहत्या पाण्याचे आणि वाऱ्याचे काम या बाह्य प्रक्रिया. त्यांना मुख्यतः सूर्य चालवतो.

सीमेवरची उदाहरणे इथेही आहेत. गुरूचा उपग्रह आयो हा सूर्यमालेतला सर्वात सक्रिय ज्वालामुखींचा गोल. मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर १ या यानाला तिथे उद्रेक दिसले, आणि त्याच्या काही दिवस आधीच स्टॅन्टन पील आणि सहकाऱ्यांनी तसे भाकीत प्रसिद्ध केले होते. आयोचा अंतर्भाग तापतो तो गुरूच्या भरती-ओहोटीच्या ओढीने. ऊर्जेचे मूळ बाहेर, तरी ज्वालामुखी अंतर्जात, कारण लाव्हा आणि दाब आतून वर येतो.

खळग्यांचा वाद तर दीर्घकाळ चालला. चंद्रावरचे खळगे ज्वालामुखीचे, म्हणजे अंतर्जात, की उल्काघाताचे? अमेरिकी भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९३ मध्ये चंद्राच्या बाबतीत आघाताची बाजू घेतली, ती बरोबर निघाली. मात्र ॲरिझोनातला प्रत्यक्ष पाहिलेला खळगा त्यांनी वाफेच्या स्फोटाचा ठरवला होता, आणि ते चूक ठरले. १९६० मध्ये तिथे कोएसाइट सापडले. क्वार्ट्झचे हे रूप घडायला लागणारा प्रचंड दाब तिथे आघातानेच निर्माण होऊ शकत होता.

‘अंतर्जात नैराश्य’ हे निदान अजून करतात का?

अधिकृत वर्गीकरणात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन डॉक्टर पाउल मोबियस यांनी हा शब्द मानसोपचारात आणला, आणि पुढे बाहेरच्या घटनेमुळे आलेले ‘प्रतिक्रियात्मक’ नैराश्य आणि कारणाशिवाय आतून आलेले ‘अंतर्जात’ नैराश्य असा भेद रूढ झाला. अडचण अशी की गंभीर नैराश्याच्या अनेक रुग्णांच्या आयुष्यात आधी काहीतरी आघात झालेला असतो, आणि लक्षणांवरून कारण आत की बाहेर हे विश्वासाने सांगता येत नाही. १९८० च्या डीएसएम-३ या अमेरिकी मानसोपचार निदान-पुस्तकापासून निदान कारणावर न बेतता लक्षणांवर बेतले जाते. जुन्या केसपेपरवर हा शब्द दिसला तर त्याचा ‘याला काहीच झालेले नाही’ किंवा ‘हे कधी बरे होणार नाही’ असा अर्थ कृपया लावू नये. तसा अर्थ लावल्याने रुग्ण आणि घरच्यांना फार सोसावे लागते.

अर्थशास्त्रातला अंतर्जात चल म्हणजे काय?

ज्याचे मूल्य प्रतिमानाच्या आत ठरते तो. मागणी-पुरवठ्याच्या प्रतिमानात किंमत अंतर्जात, पाऊस बहिर्जात. रॉबर्ट सोलो यांच्या १९५६ च्या वाढीच्या प्रतिमानात तंत्रज्ञानाची प्रगती बाहेरून दिलेली होती. पॉल रोमर यांनी १९८६ आणि १९९० च्या लेखांत ती आत आणली: संशोधनावर लोक आणि कंपन्या खर्च करतात, म्हणून नव्या कल्पना अर्थव्यवस्थेतच जन्मतात. हाच अंतर्जात वाढीचा सिद्धांत. त्यासाठी त्यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

सांख्यिकीत ‘अंतर्जातता’ ही अडचण मानली जाते. जास्त पोलीस असलेल्या शहरांत गुन्हे जास्त दिसतात. म्हणून पोलिसांमुळे गुन्हे वाढतात का? गुन्हे जास्त म्हणून तिथे पोलीस नेमले असतील. कारण आणि परिणाम एकमेकांना ओढत असले, एखादा घटक मोजायचा राहिला असला, किंवा मोजमापातच चूक असली, तर आकडे फसवतात. उपाय म्हणून संशोधक खरोखर बाहेरून आलेला बदल शोधतात. अर्थशास्त्रज्ञ जोशुआ अँग्रिस्ट यांनी व्हिएतनाम युद्धाच्या काळातली लष्करभरतीची लॉटरी वापरली: कोणाला बोलावणे जाईल हे जन्मतारखेच्या चिठ्ठीवर ठरत होते, माणसाच्या गुणांवर किंवा घरच्या परिस्थितीवर नाही.

बाहेरून आलेली गोष्ट पुढे अंतर्जात होऊ शकते का?

हो, आणि आपण सगळे त्याचे पुरावे आहोत. माणसाच्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग अंतर्जात रेट्रोव्हायरसांचा आहे. प्राचीन काळी हे विषाणू आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले, तिथल्या डीएनएत मिसळले आणि मग पिढ्यान्‌पिढ्या वारसाने येत राहिले. बहुतेकांचे आता मोडके अवशेष उरले आहेत, पण काही कामाला लागले. सिन्सिटिन हे प्रथिन मुळात विषाणूच्या आवरणाचे. आज ते वारेतल्या (गर्भाला पोसणाऱ्या प्लासेंटातल्या) पेशी एकमेकींत मिसळायला लागते. ऑस्ट्रेलियातल्या कोआलांमध्ये हा बदल आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. उत्तरेकडच्या जवळजवळ सर्व कोआलांत त्यांचा रेट्रोव्हायरस वारसाने येतो, दक्षिणेकडे मात्र हे प्रमाण कमी आहे. एकच विषाणू एका प्राण्यात अंतर्जात, तर दुसऱ्यात लागण होऊन आलेला.

मराठीत नेमका कोणता शब्द वापरावा?

अंतर्जात आणि बहिर्जात ही जोडी सुटसुटीत आहे. अंतर्जन्य, अंतर्जनित हेही चालतात, फक्त एका लेखात एकच ठेवा. ‘अंतर्गत’ म्हणजे आत असलेले. ते आत जन्मले असेलच असे नाही, म्हणून नेमकेपणा हवा तिथे तो टाळावा. रुग्णाशी बोलताना मात्र ‘तुमच्या शरीरात तयार होणारे’ हेच सर्वांत चांगले.

स्वप्रतिरोधी, स्वदाता, प्रदेशनिष्ठ हे त्याचे समानार्थी आहेत का?

नाहीत. स्वप्रतिरोधी म्हणजे प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ऊतींवर केलेला हल्ला. स्वदाता रोपणात रुग्णाचीच त्वचा किंवा अस्थिमज्जा त्याला परत दिली जाते. प्रदेशनिष्ठ म्हणजे ठरावीक भूभागातच आढळणारी जात. आणि अज्ञातहेतुक म्हणजे कारण न कळलेला आजार. त्याला अंतर्जात म्हणणे ही अहवाल वाचताना वारंवार होणारी गफलत आहे.